ग्राफिक्स कार्ड तिसऱ्या क्रमांकावर

जुन्या गेमिंग संगणकावर पैसे घालायचे ठरले की पहिले नाव ग्राफिक्स कार्डाचे निघते. ते साहजिकही आहे, कारण संगणकातला सर्वांत महागडा आणि दिमाखदार भाग तोच असतो आणि जाहिरातींतले बहुतेक आकडे त्याच्याच खात्यावर जमा होतात. माझा संगणक २०१७ साली मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, जुळवून घेतलेला आहे. त्यात इंटेलचा कोअर आय५-७४०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ जीबी रॅमची एकच स्टिक, एक टेराबाइटची हार्ड डिस्क, सहा जीबीचे जीटीएक्स १०६० कार्ड आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आहे. सगळे एकदम बदलायचे तर नवा संगणकच घेतल्यासारखे होईल आणि तेवढे बजेट सध्या नाही. त्यामुळे टप्प्याटप्प्याने जायचे ठरवले, आणि मग खरा प्रश्न उभा राहिला तो क्रमाचा.

क्रम ठरवताना मी दोन गोष्टी पाहिल्या. आत्ता नेमका कोणता भाग अडवतो आहे, ही पहिली. आणि आज घेतलेला भाग पुढच्या संगणकात माझ्यासोबत येईल का, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर सगळेच बोलतात, दुसरीचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही, आणि माझ्या मते मर्यादित बजेटमध्ये तीच अधिक महत्त्वाची आहे.

अडवणूक कुठे होते हे अंदाजाने ठरवू नये. एमएसआय आफ्टरबर्नर हा मोफत प्रोग्राम खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र गणन-भागाचा, वापर, रॅम, तापमान आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम (चित्रे), दाखवतो. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मर्यादा कार्डाची आहे; कार्ड साठ टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि प्रोसेसरचे कोअर शंभरला टेकले असतील तर कार्ड कितीही भारी आणले तरी फरक पडणार नाही. आणखी एक सोपी चाचणी म्हणजे रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, मुद्दाम खाली आणायचे. तरीही एफपीएस वाढले नाहीत, तर प्रोसेसरच कार्डाला वाट पाहायला लावतो आहे असे समजावे.

मोजमापाच्याही आधी कॅबिनेट उघडून साफ करावे, कारण तापलेला संगणक खोटे आकडे दाखवतो. मुंबईची धूळ फुंकर मारून उडत नाही. दमट हवेमुळे ती हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये करड्या नमद्यासारखी घट्ट बसते, आणि आसपास एखाद्या इमारतीचे पुनर्विकासाचे काम चालू असेल तर त्यात सिमेंटची भर पडते. माझ्या प्रोसेसरच्या पंख्याखाली असा थर होता की पात्यांमधल्या फटी दिसतच नव्हत्या; मऊ ब्रश आणि आइस्क्रीमची काडी घेऊन तो पदर सोलावा लागला. खालची, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्टही वाळून खडूसारखी झालेली होती. प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि जीटीएक्स १०६० ८३ अंशांच्या पुढे जाऊ नये म्हणून तेच करते. मे महिन्यात, बंद खोलीत, या दोन्ही रेषा सहज गाठल्या जातात. पेस्टची एक नळी आणि अर्धी दुपार एवढ्या खर्चात जे मिळते ते आधी पदरात पाडून घ्यावे.

आता खेळांकडे येतो. 'सायबरपंक २०७७' चे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. २०२३ साली त्याची २.० आवृत्ती आली त्या सुमारास निर्मात्यांनी किमान गरजांची यादीही बदलली. नव्या यादीत प्रोसेसर इंटेलचा कोअर आय७-६७०० किंवा एएमडीचा रायझेन ५ १६००, रॅम १२ जीबी, साठवणीसाठी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) आणि ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० सहा जीबी, असे होते. ही यादी माझ्या संगणकासमोर ठेवली तर प्रोसेसर नापास, रॅम नापास, हार्ड डिस्क नापास, आणि पास झालेला एकमेव भाग म्हणजे जे सगळे आधी बदलायला सांगतात ते ग्राफिक्स कार्ड!

तरीही मी पहिले पैसे एसएमपीएसवर घातले, आणि त्याने एकही फ्रेम वाढत नाही हे ठाऊक असूनही घातले. जुन्या एसएमपीएसच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेले होते. त्याखालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असा आकडा होता. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळपास सगळी भूक याच १२ व्होल्टवर भागते, त्यामुळे खरी ताकद ती. उरलेले वॅट हे ज्या व्होल्टेजची फारशी गरजच नाही तिथे मोजलेले असतात. आय५-७४०० चे ६५ वॅट आणि १०६० चे १२० वॅट धरले तर कागदावर गणित जेमतेम बसते, पण कार्ड क्षणभर त्याहून बरेच अधिक ओढते आणि इतकी वर्षे तापलेले कपॅसिटर नव्यासारखे राहिलेले नसतात. शिवाय एसएमपीएस बिघडला तर तो एकटा जाईलच याची खात्री नसते. म्हणून चांगल्या प्रतीचा, पाच वर्षांची वॉरंटी असलेला ५५० वॅटचा घेतला. '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, संरक्षक सर्किट कशी आहेत हे सांगत नाही, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नये. हा एसएमपीएस पुढच्या संगणकातही जसाच्या तसा बसेल.

त्याच फेरीत एसएसडी घेतली. हार्ड डिस्क ओळीने वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, पण आजचे खेळ ओळीने वाचत नाहीत. रस्त्यावरून गाडी पळत असताना इमारती, माणसे, आवाज सगळे वेगवेगळ्या जागांवरून उचलावे लागते आणि हार्ड डिस्कचे डोके तेवढ्या वेगाने फिरू शकत नाही. मग मध्येच चित्र थबकते आणि दोष कार्डाला दिला जातो. जुन्या साटा जोडणीची एसएसडी आणि अधिक वेगवान एनव्हीएमई जोडणीची एसएसडी यांत खेळ उघडण्याच्या वेळेत फार मोठा फरक जाणवत नाही, परंतु माझ्या बोर्डावर एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी थेट बसवण्याची, खाच आहे आणि किमतीही आसपासच आहेत, त्यामुळे एनव्हीएमई घेणे शहाणपणाचे वाटले. खाच आहे म्हणजे ती एनव्हीएमई चालवतेच असे नाही, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहून घ्यावे.

रॅमच्या बाबतीत माझा दुसरा निकष तोकडा पडतो. माझी डीडीआर४ पिढीची रॅम एएमडीच्या सध्याच्या एएम५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसण्याच्या खाचेच्या) बोर्डावर चालत नाही, म्हणजे ती पुढे येईलच असे नाही. पण आठ जीबीवर राहणेही शक्य नव्हते, आणि दुसरी स्टिक लावली की रॅम दोन मार्गांनी वाचली जाते, म्हणजे २४०० च्या वेगाला सेकंदाला १९.२ ऐवजी ३८.४ जीबी. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव असे भडकवले आहेत की नवी स्टिक घेणे जिवावर येते. मी लॅमिंग्टन रोडवर जुळणारी वापरलेली स्टिक शोधली. तिथे वापरलेल्या मालावर थोड्या दिवसांची 'टेस्टिंग वॉरंटी' मिळते. त्या मुदतीत रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवावा आणि एकही चूक दिसली तर स्टिक परत करावी.

मग येते ग्राफिक्स कार्ड. ते बदलावे लागणार याबद्दल दुमत नाही. १०६० मध्ये रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या रंगवण्याचे, हार्डवेअर नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा खेळ त्याशिवाय सुरूच होत नाही. या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानेही या पिढीसाठी खेळांचे नियमित ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहे. माझी नजर एएमडीचे आरएक्स ६६०० आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० या दोहोंवर आहे. पहिल्याची वीज १३२ वॅट आणि दुसऱ्याची ११५, म्हणजे जुन्या कार्डाइतकीच. दोन्ही कार्डे पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडणीच्या, आठच वाटा वापरतात, आणि माझा बोर्ड त्या जोडणीच्या तिसऱ्या पिढीचा असल्यामुळे थोडे नुकसान होईल, पण ते सोसण्याजोगे आहे. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच वाटांवर चालते, मेमरीही चार जीबीच, त्यामुळे जुन्या बोर्डावर ते स्वस्तातही घेऊ नये. वापरलेले कार्ड घ्यायचे तर दुकानात खेळ लावून, पंख्यांचा आवाज ऐकून आणि बिल पाहून घ्यावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते चालवून नाणी मिळवणे) थांबल्यावर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली आणि त्यांतली काही अजून फिरत आहेत.

माझ्या भाच्याचा हिशोब वेगळा. "मामा, तू आधी कार्ड घे ना, मला व्हॅलोरंटमध्ये दोनशे एफपीएस पाहिजेत," असे तो सुट्टीत आला की म्हणतो. त्याच्यासमोर रिझोल्यूशन उतरवून दाखवले. एफपीएस जागचे हलले नाहीत, कारण तो खेळ कार्डावर हलका आणि प्रोसेसरवर जड आहे. त्यातून माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा. दोनशे फ्रेम तयार झाल्या तरी माउसचा प्रतिसाद किंचित सुधारेल, डोळ्यांना साठच दिसतील. फक्त तेवढाच खेळ खेळणाऱ्याने कार्डाच्या आधी मॉनिटर आणि प्रोसेसर यांचा विचार करावा.

आणि प्रोसेसर हीच सर्वांत अवघड गाठ आहे. माझ्या बोर्डावर फार तर आय७-७७०० किंवा ७७००के बसेल. आठव्या पिढीचे प्रोसेसर दिसायला त्याच सॉकेटचे असले तरी इंटेलने ते जुन्या चिपसेटवर चालू दिले नाहीत. चार कोअरच्या जागी चार कोअर आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) मिळवण्यासाठी वापरलेल्या आय७ ला मागतील ते पैसे देणे मला पटत नाही, कारण तो या बोर्डासोबतच निवृत्त होणार. त्यातच विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीला, काही अपवाद सोडले तर, जागा नाही. त्याच २०१७ साली ज्याने रायझेन ५ १६०० घेतला, तो बोर्डाच्या उत्पादकाने नवा बायोस (बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) दिला असेल तर त्याच एएम४ बोर्डावर आज रायझेन ५ ५६०० किंवा २०२२ चा ५८००एक्स३डी बसवू शकतो. त्याच्यासाठी प्रोसेसर पहिल्या क्रमांकावर यायला हवा. मला मात्र बोर्ड, प्रोसेसर आणि बहुधा रॅम असे तिन्ही एकत्रच बदलावे लागतील, आणि रॅमचे सध्याचे भाव पाहता तो टप्पा मी शेवटी ठेवला आहे. तोवर सायबरपंकमध्ये गर्दीची घनता कमी केली आहे आणि फ्रेमची मर्यादा ४५ वर बांधली आहे. त्यामुळे चारही कोअरना थोडी उसंत मिळते आणि बाजारपेठेतून चालताना चित्र पूर्वीसारखे अडखळत नाही.