चिंगीसोबत जानेवारीत जलोरी : उतरतानाचे पाच किलोमीटर

"कुत्र्याला कसली आलीय थंडी? अंगावर केस असतात की!" निघण्याआधी हे मला चार जणांनी ऐकवलं. त्यातल्या दोघांच्या घरी कुत्री आहेत. चौघांनाही हिमाचलातल्या जलोरी खिंडीच्या वाटेवर संध्याकाळी चार वाजता नेऊन उभं करावंसं वाटतंय.

चिंगी आमची पुण्याची गावठी कुत्री, वजन सतरा किलो. पुणे ते औट गाडीने चार दिवस, जवळजवळ दोन हजार किलोमीटर. ते मजेत गेले, सांगण्यासारखं काही नाही. औटच्या बोगद्याआधी बंजारचा फाटा, मग जिभी, मग शोजा.

शोज्यात पहिला दणका बसला. फोनवर "डॉग का कुछ नहीं लगेगा सरजी" म्हणणाऱ्या घरमालकाने पोचल्यावर रोजचे ८०० रुपये कुत्रीचे आणि ५०० तंदूरच्या, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीच्या, लाकडांचे सांगितले. वर अट अशी, की कुत्री रात्री लाकडाच्या शेडमध्ये झोपणार. बाहेर उणे सहा. त्याचा झिपऱ्या भोटिया जातीचा पहाडी कुत्रा अंगणात बर्फावर मुटकुळं करून झोपला होता, तो दाखवून म्हणे, "देखो, मज़े में है।" अरे बाबा, त्याला वर राठ केस आणि आत दाट लोकर आहे, आमच्या चिंगीच्या पोटाखाली नुसती कातडी! शिवाय बिबट्या कुत्री उचलतो हे त्यानेच चहा देताना सांगितलं होतं. गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे काय हौस म्हणून बांधतात? अर्धा तास वाद घातल्यावर कुत्रीचे ५०० ठरले आणि ती खोलीत आली. कुत्र्याचा दर, लाकडांचा दर आणि 'कुत्रं खोलीतच झोपेल' हे तिन्ही व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, मगच ॲडव्हान्स पाठवा. खोलीतला तंदूर पेटता ठेवून दारं-खिडक्या गच्च लावू नका, धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो.

आता मुद्द्याचं. शोजा ते जलोरी पाच किलोमीटर, खिंडीची उंची ३१२० मीटर. रस्ता गाड्यांना बंद होता. चढताना ऊन होतं आणि चिंगी वेड्यासारखी बागडत होती. वर आम्ही डबा खाल्ला, फोटो काढले, चाळीस मिनिटं बसलो. सगळं तिथेच बिघडलं. तिचं जॅकेट पाठीवर कोरडंठाक होतं, पण पोटाकडून बर्फाने भिजून थबथबलं होतं, आणि मी खाली हात घालून बघितलंच नाही.

तीननंतर ऊन डोंगराआड गेलं. सावलीतल्या वळणांवर बर्फाची काच झालेली. चिंगी पुढचा डावा पाय वर धरून लंगडायला लागली, मग बसलीच. बोटांच्या बेचक्यात हरभऱ्याएवढे बर्फाचे खडे. ओढून काढायला गेलात तर कातडी सोलते. तळहातात पंजा धरून वितळवावे लागतात, एकेक करून. सोळाशे रुपयांचे चार बूट घेतले होते, त्यातले दोन पहिल्याच किलोमीटरात बर्फात गेले. पैसे पाण्यात. त्यापेक्षा पंज्यांना व्हॅसलीन चोपडा. पट्टा माझ्या कमरेला बांधलेला होता. ती घसरली आणि मीही आपटलो. उतारावर पट्टा हातात धरा, आणि तोही गळ्यातला नको, छातीचा हार्नेस हवा.

मग तिचं कुडकुडणं थांबलं. मला वाटलं, चला, चालून ऊब आली. साफ चुकलो. अंगातली ताकद संपते तेव्हा कुडकुडणं थांबतं. हाक मारली तर नुसतं बघत होती, हिरड्या पांढुरक्या. ओलं जॅकेट काढलं, मफलरने पोट खसखसून पुसलं आणि तिला माझ्या जॅकेटात घातलं. झिप अर्धीच लागली. शेवटचा दीड किलोमीटर सतरा किलो छातीशी घेऊन, बुटांना स्पाइक्स लावून उतरलो. पुन्हा करणार नाही.

खोलीत थर्मामीटर लावला, तर ३६.९. कुत्र्याला ३८ ते ३९ हवं. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पोटाशी ठेवली. उघडी लावली तर भाजतं. शुद्धीवर होती म्हणून कोमट पाण्यात कालवलेला भात थोडा थोडा दिला. दोन तासांत ३८.२. नसतं वाढलं, तर रात्री त्याच रस्त्याने बंजारला पशुवैद्याकडे उतरावं लागलं असतं.

तुम्ही गेलात तर वर थांबू नका, दोनच्या आत परत फिरा. दुसरं कोरडं जॅकेट सॅकमध्ये हवंच. थर्मासमध्ये कोमट पाणी न्या, बर्फ चाटून तहान भागत नाही. आणि आपल्या सुक्यामेव्याच्या पुडीतल्या मनुका कुत्र्याला चुकूनही देऊ नका, मूत्रपिंडं जातात.

निघताना बिलात आणखी एक ओळ निघाली : 'डॉगी हॉट वॉटर, २००'. भांडायचं त्राण नव्हतं, दिले. पाणी तापवायची किटली घरूनच न्या.