आमची वाटचाल : क्रोमिक ॲसिडपासून धुण्याच्या सोड्यापर्यंत

बडोद्यात दांडिया बाजारामागच्या गल्लीत आमचं काचेचं दुकान आहे. बाबांनी ते सुरू केलं ते प्रयोगशाळांची तुटकी काच दुरुस्त करण्यासाठी. कंडेन्सरची नळी जोडायची, ब्युरेटची तोटी बदलायची, फ्लास्कची तुटलेली मान नव्यानं ओढून द्यायची. या शहरात अशा कामाला तोटा नव्हता. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक ही औषधांची कंपनी उभी केली, नंतर खतांचे आणि पेट्रोकेमिकलचे मोठे कारखाने आले. जिथे रसायन तिथे काच, आणि जिथे काच तिथे फुटतूट.

आता आमच्याकडे दुरुस्तीपेक्षा सफाई जास्त होते. हुक्क्याची काचेची भांडी, तंबाखूचे काचेचे पाइप, जुन्या वाड्यांतल्या हंड्या, कंदिलाच्या चिमण्या, अत्तराच्या कुप्या असं सगळं येतं. ही दिशा कशी मिळाली, ते सांगायचं आहे.

काच ज्योतीत धरण्याआधी आतून-बाहेरून स्वच्छ असावी लागते. मळ राहिला तर तो जळून काचेला चिकटतो आणि जोड कच्चा राहतो. म्हणून धुणं हे निम्मं काम. बाबांच्या काळात त्यावर हुकमी उपाय होता क्रोमिक ॲसिड : संहत सल्फ्युरिक ॲसिडमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट. गडद तांबूस द्रावण, ताकद संपत आली की हिरवं पडतं. काच त्यातून आरशासारखी निघायची, हे खरंच. पण त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि ते ॲसिड कातडीवर पडलं तर हाडापर्यंत पोचायला वेळ लावत नाही. मी एम. एस. युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकून दुकानात बसू लागले तेव्हा बाबांना पहिली विनंती हीच केली की ही बरणी आता बंद करूया. आमच्याकडे काम करणाऱ्या काकांच्या बोटांचा प्रश्न होता, आणि ओतून दिलेलं पाणी शेवटी विश्वामित्री नदीकडेच जाणार होतं. बाबा तयार झाले, पण त्यांनी एक अट घातली : काच तितकीच स्वच्छ दिसली पाहिजे.

त्या अटीनंच आम्हाला शिकवलं. कशानं धुवायचं ते ठरवण्याआधी डाग कशाचा आहे ते ओळखायचं, बस. काचेला जोर लागत नाही, वेळ लागतो.

काचेचा पाइप पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा आणणारा मुलगा संकोचून उभा होता. "बेन, आ साफ थशे?" आत काळा, चिकट थर. त्यानं घरी व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतून पाहिला होता. फेस भरपूर आला, डाग हलला नाही. हे मी अनेकांकडून ऐकते, म्हणून नीट सांगते. व्हिनेगर आम्ल आहे, सोडा अल्कली. दोन्ही भेटले की एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे उरतं ते सोडियम ॲसिटेट नावाच्या क्षाराचं पाणी. त्या बुडबुड्यांनी सैल झालेला कण उचलला जाईल, डांबर विरघळणार नाही. आणि हे मिश्रण झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत कधीही करू नका, दाबानं बाटली फुटते.

धुराचा चीक हा सेंद्रिय मळ, पाण्याला दाद न देणारा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जाडं मीठ सांगतात. ही जोडी काम करते, कारण अल्कोहोल चीक विरघळवतं आणि मीठ त्यात विरघळत नसल्यानं खरवडायला शिल्लक राहतं. पण त्याची वाफ साधारण १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि स्वयंपाकघरात गॅस चालू असतो. घरासाठी मी ते सुचवत नाही.

आम्ही वापरतो धुण्याचा सोडा. खायचा सोडा वेगळा, तो फारच सौम्य पडतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा, वस्तू रात्रभर बुडवून ठेवायची. चिकातला तेलकट भाग मऊ पडतो आणि थर काचेवरून सुटायला लागतो. सकाळी ते पाणी ओतून टाकायचं, मग मूठभर कच्चे तांदूळ, भांड्याच्या साबणाचे चार थेंब आणि थोडं कोमट पाणी घालून, तोंड बंद करून हळूहळू फिरवायचं. पाण्यात मीठ विरघळून जातं, तांदूळ टिकतो, म्हणून इथे तांदूळ. थर जाड असेल तर दुसरी रात्र. घाई करून तार घातली की काम बिघडतं.

खरवडण्याचा हिशेब कठीणपणाचा आहे. मोहस मापात आकडा जितका मोठा तितका पदार्थ कठीण. काच त्यावर साडेपाचच्या आसपास, मीठ आणि खायचा सोडा अडीचच्या आसपास, वाळूतलं क्वार्ट्झ सात. भांडी घासायच्या राखेत न चाळलेले वाळूचे कण असतील तर ते काचेवर कायमचे ओरखडे सोडतात. आपल्याकडे कंदिलाच्या चिमण्या राखेनंच पुसायचे, पण राख वस्त्रगाळ असायची, आणि ही पायरी आता कुणाच्या लक्षात राहिलेली नाही.

हुक्क्याच्या भांड्यात चिकापेक्षा पांढरा थर त्रास देतो. बोअरच्या पाण्यातला चुना तो. त्याला सोडा निरुपयोगी, तिथे आम्लच हवं. किराणा दुकानात लिंबाचं फूल म्हणून मिळतं ते सायट्रिक ॲसिड एक चमचा, कोमट पाण्यात. अर्ध्या तासात थर सुटतो. आधी सोडा, स्वच्छ पाण्यानं विसळणं, नंतर आम्ल, असा क्रम ठेवा. पितळी नळी मात्र आम्लात सोडून जाऊ नका, जस्त निघून पितळ गुलाबी पडतं. ॲल्युमिनियमचा भाग असेल तर तो सोड्यात घालू नका.

सगळ्यात जास्त काच फुटते ती उकळत्या पाण्यानं. हल्लीचे बरेच पाइप बोरोसिलिकेटचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचे असतात, हुक्क्याची भांडी बहुधा साध्या काचेची. साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. त्यात हातानं फुंकलेली वस्तू भट्टीत नीट निवलेली नसेल तर आत ताण तसाच दडून असतो. बाबांकडे दोन पोलरायझरमधून, म्हणजे प्रकाश एकाच दिशेत गाळणाऱ्या पट्ट्यांमधून, काच बघायचं जुनं यंत्र आहे. ताण असलेल्या जागी रंगीत पट्टे दिसतात. आजही प्रत्येक वस्तू आधी त्यातून जाते. पट्टे दिसले तर आम्ही ग्राहकाला दाखवतो, आणि पाणी कोमटच ठेवतो.

सोन्याच्या नक्षीची काच हे आमचं सर्वात आवडतं आणि सर्वात हळू काम. रावपुऱ्यातल्या एका जुन्या घरातून आजोबांची गुडगुडी आली होती, निळ्या भांड्यावर सोनेरी वेल. अशी नक्षी काचेच्या वर बसवलेली असते. सोडा, आम्ल, तांदूळ काहीही तिला चालत नाही. रिठ्याचं कोमट पाणी, कापसाचा बोळा, आणि वेलीच्या कडेकडेनं धीरानं फिरणारा हात. माझ्या भावाचा हात त्यासाठी जन्माला आलाय असं मी म्हणते. त्या घरात आता कुणी ओढत नाही, गुडगुडी बैठकीत ठेवलेली आहे.

इथे एक स्पष्ट सांगते. आम्ही पाइप किंवा हुक्के विकत नाही. गुजरातेत हुक्का बारवर २०१७ पासून बंदी आहे, ती मला योग्य वाटते. पाइप स्वच्छ झाला म्हणजे धूर निरुपद्रवी झाला असं नाही, आणि विचारणाऱ्याला आम्ही हे तोंडावर सांगतो. आमचं नातं काचेशी आहे.

लांबून माल पाठवणं परवडत नाही अशांसाठी आता दोन पुड्या आणि एक सुती टोकाचा ब्रश असं पाकीट करतो. एका पुडीत धुण्याचा सोडा, दुसरीत लिंबाचं फूल, तांदूळ ज्याचा त्यानं घरचा घ्यायचा. ब्रशच्या टोकाला तार उघडी राहू नये म्हणून आई प्रत्येक टोक स्वतः शिवते. पाकिटावर मराठी आणि गुजराती दोन्हीत ठळक छापलंय : लिंबाचं फूल किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. तेवढी ओळ वाचल्याशिवाय आम्ही पाकीट हातात देत नाही.