सीएल इमेजपाशी अडलेला ग्रॅनाइट : माझा अनुभव

चित्रदुर्गचा ग्रॅनाइट आणि त्याला लागून असलेला ग्रीनस्टोन यांची वयं काढायची ठरवली, तेव्हा सगळ्यांनी मला फील्डवर्कची भीती घातली होती. ऊन, काटेरी झुडपं, शेतमालकांची परवानगी. त्यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते सीएल इमेजपाशी (कॅथोडोल्युमिनेसन्स : इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर खनिजातून निघणाऱ्या उजेडाचा फोटो), आणि अजूनही आठवलं की संताप होतो.

धारवाड क्रेटॉनमधले (दक्षिण भारतातल्या प्राचीन, स्थिर भूखंडातले) ग्रीनस्टोनचे पट्टे म्हणजे मुख्यतः पाण्याखाली वाहिलेला बेसाल्ट आणि त्याच्याबरोबर साचलेला गाळ. रूपांतर होताना बेसाल्टमध्ये क्लोराइट, अ‍ॅक्टिनोलाइट, एपिडोट तयार झाले, म्हणून तो हिरवा. भोवती ३ अब्ज वर्षांच्या आगेमागे तयार झालेला द्वीपकल्पीय नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) आणि या सगळ्यांना छेदून वर आलेला ग्रॅनाइट. ग्रॅनाइटच्या शिरा ग्रीनस्टोनमध्ये घुसलेल्या दिसल्या की ग्रॅनाइट धाकटा, एवढं जागेवरच कळतं. किती धाकटा, हे झिरकॉन सांगतो. हे वाढताना थोडं युरेनियम सामावून घेणारं टिकाऊ खनिज; त्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, म्हणून दोन्ही मोजून वय काढता येतं. बेसाल्टमध्ये मात्र झिरकॉन सहसा मिळत नाही. तिथे नमुना घ्यायचा तो मधल्या रायोलाइटचा (ग्रॅनाइटसारख्याच घटकांचा, पण लाव्हापासून झालेला खडक) किंवा ज्वालामुखीच्या राखेच्या थराचा, आणि भरपूर घ्यायचा.

दळणं, ब्रोमोफॉर्म या जड द्रवात जड दाणे वेगळे करणं, चुंबकावरून काढणं, सूक्ष्मदर्शकाखाली दाणे वेचणं, इपॉक्सीत बसवून पॉलिश करणं, हे सगळं नीट पार पडलं.

मग प्रयोगशाळेचा अर्ज. लेझर लावून युरेनियम-शिसं मोजायचं, तर प्रत्येक दाण्याची सीएल इमेज आधी जोडा, नाहीतर मशीनवर काम करायची तारीख नाही. अट शंभर टक्के बरोबर आहे. ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनच्या पोटात कितीदा तरी जुन्या नाइसमधून आलेला गाभा असतो आणि त्याच्याभोवती ग्रॅनाइट थंड होताना वाढलेलं कडं. साध्या उजेडात दोन्ही सारखंच दिसतं. सीएलमध्ये वाढीचे पट्टे उजळतात आणि गाभा वेगळा ओळखू येतो. लेझरचा ठिपका निम्मा गाभ्यावर, निम्मा कड्यावर पडला तर जे वय येतं ते कुठल्याच घटनेचं नसतं.

पण सीएलची सोय दुसऱ्या संस्थेत, आणि तिथल्या अर्जात काय लिहिलेलं? बाहेरच्या संशोधकांनी पुढच्या विश्लेषणाची तारीख मंजूर झाल्याचं पत्र जोडावं. म्हणजे इमेजशिवाय तारीख नाही आणि तारखेशिवाय इमेज नाही. मी दोन्हीकडे हे लिहून कळवलं. एकीकडून उत्तर आलं, ‘अर्ज अपूर्ण.’ दुसरीकडून तेच, फक्त शब्द वेगळे. फोन केला की ‘मॅडम, नियम आहे,’ एवढंच. दोन्ही नियम आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. मशीनचा वेळ महाग असतो, तो वाया जाऊ नये. पण ते समोरासमोर ठेवून पाहणारं माणूस एकाही बाजूला नव्हतं. अडीच अब्ज वर्षं शाबूत राहिलेले दाणे माझ्या टेबलावर तयार होते आणि एका पत्रासाठी आठवड्यांमागून आठवडे चालले होते. मार्गदर्शक म्हणायचे, धीर धर. धीर होता, वाट पाहण्याला काही अर्थ दिसत नव्हता.

शेवटी कार्यालय सोडून थेट लेझर सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञांना ईमेल केला. माउंटचे (इपॉक्सीत बसवलेल्या दाण्यांच्या चकतीचे) फोटो, दाण्यांचा आकार, खडकांची नावं, संपर्करेषेचं रेखाचित्र, सगळं जोडलं आणि एकच मागणं मागितलं : ‘नमुने तत्त्वतः मान्य, सीएल इमेज आल्यावर तारीख देऊ,’ एवढी ओळ लिहून द्याल का? त्याच संध्याकाळी ओळ आली. दुसऱ्या संस्थेनं ती पत्र म्हणून स्वीकारली. तुम्ही याच वाटेनं जाणार असाल तर पहिल्याच दिवशी ही ओळ मागून घ्या, आणि खडकाबद्दल बोलायचं असेल तेव्हा खडक समजणाऱ्या माणसाशीच बोला.

सीएलसाठी चढवलेला कार्बनचा थर लेझरकडे जाण्याआधी नीट पुसायचा, हेही लक्षात ठेवा. आणि फक्त सुंदर, टोकदार दाणे वेचू नका. गोलसर, मळकट दाण्यांतही जुना गाभा सापडतो. दाण्यात युरेनियम जास्त असेल तर त्याची जाळी किरणोत्सारानं मोडलेली असते आणि शिसं निसटतं. असे बिंदू कॉनकॉर्डियापासून, म्हणजे युरेनियमच्या दोन समस्थानिकांवरून काढलेली वयं जुळतात त्या वक्ररेषेपासून, ढळतात. ते लपवू नका, आलेखावर दाखवा.

ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनची कडी २.६ अब्ज वर्षांच्या आसपास आली, आधी प्रसिद्ध झालेल्या वयांना धरूनच. काही गाभे ३ अब्जांपलीकडचे. म्हणजे हा ग्रॅनाइट वर येताना जुन्या नाइसचा अंश घेऊन आला. रायोलाइटचं वय ग्रॅनाइटच्या इतकं जवळ आलं की ज्वालामुखी शांत होणं आणि ग्रॅनाइट घुसणं यांतलं अंतर आमच्या मोजमापाच्या अचूकतेत पकडता येत नाही. तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मार्गदर्शकांना रात्रीच फोन केला होता.

फील्डचं एक सांगायचं राहिलं. चित्रदुर्गजवळचा मरडिहळ्ळीचा पिलो लाव्हा (पाण्याखाली उशांच्या आकारात गोठलेला लाव्हा) राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तो बघा, मोजा, फोटो काढा. हातोडा मात्र पिशवीतच ठेवा.