मी तर नुसता ड्रायव्हर होतो

फौजी पेशंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लगेच बंदूक, बर्फ, टेकडीवरची लढाई असंच काहीतरी येतं. मी नागपुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. कामठीला गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, इकडे वायुसेना नगरात मेंटेनन्स कमांड, त्यामुळे आजूबाजूला रिटायर फौजी भरपूर, आणि ते किंवा त्यांच्या घरचे माझ्याकडे येत असतात. त्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात शत्रूवर एक गोळी झाडलेली नसते. कोणी स्टोअरमध्ये, कोणी कुकहाऊसमध्ये, कोणी नर्सिंग असिस्टंट. आणि नेमके हेच लोक सगळ्यात उशिरा येतात, का ते खाली कळेलच.

ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची आणि वहिनींची परवानगी घेतली आहे, गाव आणि बऱ्याच गोष्टी बदलल्या आहेत. मी त्यांना भाऊ म्हणते, इथेही भाऊच.

भाऊ एएससीमध्ये ड्रायव्हर होते. आर्मी सर्व्हिस कोर, म्हणजे रेशन, पेट्रोल, माणसं इकडून तिकडे नेणारे. हवालदार म्हणून पेन्शन आले, कामठीकडे घर बांधलं, सेकंडहँड ईको घेतली आणि शाळेची पोरं सोडायला लागले. दोनेक वर्षं सगळं ठीक होतं असं घरचे म्हणतात, ठीक काही नव्हतं, पण चाललं होतं. मग एका सकाळी पुलियाच्या अलीकडे रस्त्यावर सिमेंटची भरलेली बोरी पडलेली दिसली आणि भाऊंनी कचकन ब्रेक मारला, सगळ्या पोरांना खाली उतरवलं आणि ओरडत बाजूच्या शेतात पळवत नेऊन आडवं झोपवलं. पोरं रडताहेत, कोणाच्या पायात चप्पल नाही, मागची गाडी हॉर्न देतेय, आणि हे रस्त्याच्या मधे हात आडवे करून उभे. बोरीत रेती होती. पालक संतापले, त्यांचंही चूक नाही, व्हॅन बंद झाली.

वहिनी घेऊन आल्या त्यांना. स्वतः भाऊ खुर्चीच्या काठावर बसून दाराकडे बघत होते. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, हे रात्री झोपेत ब्रेक मारतेत जी. पाय असा दाबतेत, पलंगाची पायथ्याची फळी तुटली पाहा." झोपेसाठी कुठल्यातरी डॉक्टरांनी कधीकाळी लिहून दिलेली अल्प्राझोलाम चालूच होती, वर कॅन्टीनची रम. भाऊंना विचारलं तर एकच वाक्य, "मले काय होणार मॅडम, मी तर नुसता ड्रायव्हर होतो. ज्याईनं लढाई केली त्याईले होते हे."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. त्यात लाज आहे, आणि त्याच्याखाली असं आहे की हा आजार म्हणजे कमावलेली गोष्ट आहे, पदकासारखी, आणि आपला त्याच्यावर हक्क नाही. म्हणून मी त्यांना पहिल्या भेटीत उपचार वगैरे काही सांगितलं नाही, आधी हे सांगितलं की पहिल्या महायुद्धात याला शेल शॉक म्हणायचे, तेव्हा वाटायचं तोफगोळ्याच्या दणक्यानं मेंदू हादरतो, व्हिएतनामनंतर १९८० मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे नाव आलं, आणि २०१३ च्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की स्वतःवर बेतायलाच पाहिजे असं नाही, दुसऱ्यावर बेतलेलं डोळ्यानं पाहिलं तरी होतो, आणि मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्यांचं उदाहरणच दिलंय. गोळी झाडली पाहिजे अशी अट कुठेच नाही. पुलगावचं पण बोलले. ३१ मे २०१६ ला पहाटे तिथल्या दारूगोळा डेपोत आग लागली तेव्हा जे गेले त्यात आग विझवायला धावलेले कितीतरी होते, ती काही लढाई नव्हती, आपल्या वर्धा जिल्ह्यात घडलं ते. भाऊंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पुलगावला त्यांचा गाववाला होता म्हणे.

दुसरी भीती कागदाची. "नाव चढन काय कुठं? पेन्शनले काही होईन काय?" रिटायर होऊन वर्षं झाली तरी. सर्व्हिसमध्ये मेडिकल कॅटेगरी असते, शेप म्हणतात तिला, त्यातला पहिला एस म्हणजे मनाचा, आणि तो खाली गेला की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे तिथे माणूस तोंड उघडत नाही हे मी समजू शकते. मला राग त्या भीतीचा येतो, माणसाचा नाही. पण सर्व्हिस पेन्शन ही केलेल्या नोकरीची असते, मानसोपचार घेतले म्हणून कोणी ती थांबवत नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. हे मी कागदावर लिहून वहिनींच्या हातात दिलं. सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, आणि हेही की १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात, खास सैन्यदलाच्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानसचा सेल सुरू झाला. भाऊंचा पुतण्या भरतीची तयारी करतोय, त्याच्यासाठी पण ठेवा म्हटलं. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, तिच्या पॉलीक्लिनिकमधून रेफरल घेतलं, सायकियाट्रिस्टनी सर्ट्रालिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी चालू केली, अल्प्राझोलाम हळूहळू कमी करत बंद केली. रम एकदम सुटली नाही, ती भांडत भांडत सुटली.

मग बोलणं. प्रोलाँग्ड एक्सपोजर म्हणतात, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एडना फोआ यांनी विकसित केलेली पद्धत. डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा, रेकॉर्ड करायचा, घरी रोज ऐकायचा. थोडक्यात एवढंच सांगते. काश्मीरमध्ये कॉनवॉय म्हणजे फौजी गाड्यांचा ताफा, सकाळी आरओपी म्हणजे रोड ओपनिंग पार्टी रस्ता तपासून गेलेली, तरी पुढची गाडी पुलियावर आली आणि खालून उडाली. त्यात त्यांचा बॅचमेट होता. ऑर्डर अशी असते की थांबायचं नाही, थांबलं की मागचे सगळे टप्प्यात सापडतात, म्हणून भाऊंनी गाडी बाजूनं काढली आणि पुढे नेली. आणि मग आरशात पाहिलं. आरशात काय दिसलं ते इथे लिहिणार नाही.

हे मला खूप उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा त्यांच्या ईकोचा आतला आरसा छताकडे का वळवलेला आहे ते समजलं. पोरं भरलेली गाडी हा माणूस दोन वर्षं मागचं न बघता चालवत होता, साईड मिररवर.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो. आम्ही भीतीची यादी केली होती, शंभरपैकी मार्क देऊन. रस्त्यावरची बोरी ७०. पुलियावरून हळू जाणं ६०, थांबणं ८०. सीटबेल्ट लावून चालवणं ५५, कारण बेल्ट लावला की उडी मारता येत नाही. आणि सगळ्यात वर, ९५ ला, कामठी रोडचा नवा डबल डेकर. ऑटोमोटिव्ह चौक ते एलआयसी चौक, साडेपाच किलोमीटरच्या वर, खाली जुना रस्ता, मधे हा फ्लायओव्हर, डोक्यावर मेट्रो, आणि गड्डीगोदामला तर मधून रेल्वे पण जाते, चार मजले. आख्खं नागपूर त्याचे फोटो टाकत होतं आणि भाऊंसाठी ती साडेपाच किलोमीटर लांब पुलिया होती, जिच्यावर गाडी थांबवून उतरता येत नाही. खालच्या गर्दीतून जायचे, अर्धा तास जास्त लागला तरी.

खालच्या पायऱ्या आधी पक्क्या झाल्या, सायकियाट्रिस्टशी बोलणं झालं, मगच रविवारी सकाळी ट्रॅफिक नसताना निघालो. मी बाजूच्या सीटवर. वहिनींना घरी थांबायला सांगितलं, कारण त्या सोबत असल्या की "काही नाही होत, काही नाही होत" म्हणत राहतात, प्रेमानंच, पण मग धीर त्यांच्या शब्दातून येतो, भाऊंना स्वतः काही कळत नाही. मी पण त्या दिवशी काही होणार नाही असं एकदाही म्हणाले नाही. फक्त विचारायचं, किती?

रॅम्प चढताना "८५". हात स्टिअरिंगवर इतके घट्ट की नखं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, खांब मोजत होते ते. म्हटलं भाऊ मोजू नका, मोजणं म्हणजे पळणंच आहे. "९०". गाडीचा स्पीड चाळीस, मागून एक जण शिव्या देत गेला. इंदोऱ्याच्या आसपास डोक्यावरून मेट्रो गेली आणि त्यांचा उजवा पाय ब्रेकवर गेला, मी पाहिलं, दाबला नाही. पाय थरथरत होता पण ॲक्सिलरेटरवर परत आला. "९५, ताई." मॅडमचं ताई तिथे झालं, बहुतेक त्यांच्या लक्षात पण नसेल. गड्डीगोदामला खालून रेल्वे जात होती, मला तरी काही हादरा जाणवला नाही, पण भाऊ म्हणाले, "हालून रायलं", आणि चालवत राहिले. एलआयसी चौकात उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला.

म्हटलं वळवा. "आत्ताच?" आत्ताच. चहा प्यायला थांबलो असतो तर शरीर एवढंच शिकलं असतं की सुटलो. भीती चढून आपोआप उतरते हे शरीराला कळायला ती बऱ्यापैकी उतरेपर्यंत तिच्यातच राहावं लागतं, उपचारातला सगळ्यात कठीण भाग हाच आहे, आणि पेशंट शिव्या देतो तो इथेच. भाऊंनी दिल्या नाहीत, तोंड आवळून गाडी वळवली. परत वर, परत खाली, परत वर. आकडा ९० वर अडला, मग ८०, मग बराच वेळ ७५, मला वाटलं आज इथेच थांबतंय. मग एका फेरीत ते स्वतःहून बोलायला लागले, बॅचमेटबद्दल, कसा मेसमध्ये वांग्याच्या भाजीला नाव ठेवायचा आणि दोनदा घ्यायचा, त्याच्या पोरीच्या लग्नाला हे गेले नाहीत कारण तोंड कसं दाखवायचं. "थांबलो असतो तर ताई?" मी विचारलं, तुमच्या मागच्या गाडीत कोण होतं? बराच वेळ गप्प. मग नावं घेतली त्यांनी, एकेक. त्यातले सगळे घरी आलेत, एकाचं तर काटोलला संत्र्याच्या रोपवाटिकेचं काम आहे. मी किती विचारायलाच विसरले होते, त्यांनीच सांगितलं, "४०."

आरसा पण करून टाकू का विचारलं, यादीत होताच. म्हणाले, "आज आरसा नाई. आज एवढंच." मी आग्रह केला नाही. तो पुढे बरेच दिवस घेऊन बसला आम्हाला.

सगळं गोड झालं असं नाही. शाळेची व्हॅन परत मिळाली नाही आणि मिळायला पाहिजे असं मलाही त्या वेळी वाटत नव्हतं. भाऊ आता कळमन्याच्या मार्केटला माल टाकतात, पहाटे निघतात, पुलावरूनच जातात. स्वप्न अजून पडतं, आधीइतकं नाही. दिवाळीचे आठ दिवस वाईट जातात, त्यासाठी आधीच तारीख घेऊन ठेवतात. बॅचमेटच्या घरी वहिनींना घेऊन जाऊन आले, तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात एक फोन आला. समोरचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता, भाऊंच्याच युनिटमधला, भाऊंनी नंबर दिला म्हणाला. लांगरी होता, म्हणजे कुक. आधी पाच मिनिटं हवापाणी, कापसाचा भाव, मग म्हणतो, "मॅडम, ड्रायव्हरले होते म्हंता, तं लांगरीले बी होते काय?"

होते, म्हटलं. गुरुवारी अकरा वाजता या, ईसीएचएस कार्ड आणा, आणि घरचं कोणी येणार असेल तर त्यांना पण आणा.

"बायको म्हंते मी येतो," तो म्हणाला. "तिनंच फोन लावून देल्ला."