नवव्या हंगामातले पहिले विजेतेपद

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी हॉकीवर लिही, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. आपल्या मैदानाच्या आठवणी इतर जणी लिहितीलच. मी अमेरिकन हॉकी प्रशिक्षक कॅरेन शेल्टन यांच्याबद्दल लिहिते आहे. आज शाळेत स्टिक हातात घेणाऱ्या मुलींना त्यांची कारकीर्द माहीत असावी, आणि त्याहून जास्त शाळा चालवणाऱ्यांना ती माहीत असावी, असे मला मनापासून वाटते. त्यांनी जिथे शिकवले ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे चॅपेल हिल हे गाव मी राहते तिथून गाडीने अर्ध्या तासावर आहे. या केरी-मॉरिसव्हिल भागात मराठी घरेही पुष्कळ आहेत, पण हॉकीचा सामना बघायला जाणारे फार थोडे.

अमेरिकेत आपली हॉकी मुख्यतः मुलीच खेळतात. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत मुलांची हॉकी नाहीच. शेल्टन पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर कॉलेजच्या खेळाडू. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज हॉकीपटूचा होंडा पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला. ऑलिम्पिकमध्ये महिलांची हॉकी पहिल्यांदा आली ती १९८० साली, मॉस्कोला. आपल्या पुण्याच्या एलिझा नेल्सन तिथे खेळल्या आणि भारत चौथा आला. शेल्टन यांच्या पिढीची ती संधी अमेरिकेच्या बहिष्कारात गेली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मात्र कांस्यपदक मिळाले, तेही विलक्षण रीतीने. शेवटच्या सामन्यात नेदरलँड्सने ऑस्ट्रेलियाला २-० हरवले आणि अमेरिका व ऑस्ट्रेलिया गुण, गोलफरक सगळ्यांत बरोबरीत आल्या. प्रेक्षकांत बसून सामना पाहणाऱ्या अमेरिकन मुलींना खाली उतरून पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे एकट्या गोलकीपरविरुद्धचे फटके, घ्यावे लागले. त्या १०-५ जिंकल्या.

तोपर्यंत शेल्टन यांना प्रशिक्षक होऊन तीन वर्षे झाली होती. १९८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यांनी चॅपेल हिलचा संघ हातात घेतला. राष्ट्रीय संघातून स्वतः खेळायचे आणि विद्यापीठाचा संघही घडवायचा, अशी दोन्ही कामे त्यांनी काही वर्षे एकदम केली.

आता आकडे नीट पाहा. पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९८९ मध्ये, म्हणजे नवव्या हंगामात. पुढे १९९० आणि १९९१ च्या अंतिम फेरीत ओल्ड डोमिनियन विद्यापीठाने त्यांना हरवले. त्या संघाच्या प्रशिक्षक बेथ अँडर्स या लॉस एंजेलिसच्या कांस्यपदक विजेत्या संघातल्याच, पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल गोलजवळ मिळणाऱ्या संधीवर, गोल करण्यात नावाजलेल्या. शेल्टन यांचे दुसरे विजेतेपद १९९५ चे, पंधराव्या हंगामातले. नंतर ते १९९६, १९९७, २००७, २००९, २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ असे येत राहिले. एकूण दहा. बेचाळीस हंगामांत ७४५ विजय, १७२ पराभव, ९ बरोबरी. विद्यापीठाने आठव्या वर्षी धीर सोडला असता तर यातले एकही झाले नसते. आपल्याकडे जिल्ह्याला दोनदा हरले की मानधनावरचे प्रशिक्षक बदलतात आणि नवा माणूस मुलींना पुन्हा ग्रिपपासून शिकवू लागतो. याचे मला फार वाईट वाटते.

कॉलेजच्या प्रशिक्षकाचे काम मैदानाबाहेर जास्त असते. हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर. हंगामात आठवड्याला वीसच तास सराव घेता येतो आणि एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. शेल्टन यांच्या काळात एका संघाला बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती. त्या वीसहून जास्त मुलींत तुकड्यातुकड्यांनी वाटायच्या. चुकीच्या मुलीवर मोठा तुकडा गेला की पुढची चार वर्षे ती जागा अडकली.

वीस तासांत सगळे बसत नाही, म्हणून चांगले संघ पेनल्टी कॉर्नर रोज घोटतात. आपल्या मुलींनीही तेच करावे. मुरमावर कॉर्नर वाया जातो तो बहुतेक वेळा फटक्यामुळे नव्हे, आधीच्या दोन कामांमुळे: चेंडू आत पुश करणे आणि तो थांबवणे. चेंडू जवळच्या गोलपोस्टपासून १० मीटरवर, गोलच्या बाजूच्या मैदानाच्या शेवटच्या रेषेवर ठेवतात. पुश करणारीचा एक पाय मैदानाबाहेर हवाच. चेंडू स्टिकला चिकटवून ओढत सोडायचा. ठोकला की तो उडतो आणि थांबवणारीच्या गुडघ्यावर येतो. चेंडू सुटण्याआधी मान वर झाली तर दिशा जाते. थांबवणारीने डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, रेषेबाहेर हातभर अंतरावर, खूप खाली बसून, स्टिक जवळजवळ जमिनीवर आडवी ठेवायची. डीबाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही, म्हणून रेषेवर थांबवलेला चेंडू काही कामाचा नाही. पहिला सरळ फटका ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे गोलच्या फळीच्या, वर गेला तर गोल नाही. फ्लिकला, म्हणजे न ठोकता स्टिकने उचलून फेकलेल्या चेंडूला, ही मर्यादा नाही. आणि मुरमावर सामन्याआधी व मध्यंतरात पुशच्या वाटेवरचे खडे झाडून घ्यावेत. एक खडा सगळी मेहनत घालवतो. आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवला तर चेंडू बराच सरळ येतो.

२०२२ चा अंतिम सामना शेल्टन यांचा शेवटचा ठरला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना, दीड मिनिटही उरले नव्हते तेव्हा शेल्टन यांच्या संघातल्या एरिन मॅटसनने गोल केला. संघ संपूर्ण हंगाम अपराजित राहिला. शेल्टन निवृत्त झाल्यावर विद्यापीठाने त्याच मॅटसनला, बावीस वर्षांच्या मुलीला, मुख्य प्रशिक्षक नेमले. २०२३ चे विजेतेपदही चॅपेल हिललाच गेले. एकाच माणसाने चार दशके शिकवले की शिकवण मैदानातच मुरते, पुढची पिढी तिथूनच उभी राहते. ज्या स्टेडियमवर आज हे सामने होतात त्याला २०१८ पासून शेल्टन यांचेच नाव आहे.

महोत्सवी निधीबद्दल माझे म्हणणे एवढेच. प्रवेशद्वाराच्या कमानीआधी दोन्ही गोलना मापाच्या फळ्या आणि जाळ्या घ्या. मुलींच्या मापाचा गोलकीपरचा पूर्ण संच घ्या: पॅड, बुटांवरचे किकर, हेल्मेट, छातीचे व गळ्याचे कवच, दोन्ही हातमोजे. कॉर्नर अडवायला धावणाऱ्या चौघींसाठी चेहऱ्याचे मास्क घ्या. आणि शाळेतूनच खेळून गेलेल्या एखाद्या मुलीला प्रशिक्षक म्हणून निदान दहा वर्षांसाठी, दरमहा वेळेवर पगार देऊन नेमा. माझा वाटा मी या शेवटच्या खर्चासाठी पाठवते आहे.