सोलापुरात पाठ दाखवली

सोलापूरला गेलो आत्याकडे. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, तळ्याकाठी फिरून झालं, दोन चादरीही गळ्यात पडल्या. पण लिहायचंय ते शनिवार संध्याकाळच्या दीड तासाबद्दल.

आत्येभावाचा मुलगा एका पत्र्याच्या शेडमध्ये नो-गी ग्रॅपलिंग शिकतो. ग्रॅपलिंग म्हणजे धरपकडीची झुंज; नो-गी म्हणजे ज्युडोसारखा जाड अंगरखा नाही, कापडाला धरायचं नाही. मी कॉलेजात असताना तालमीत घाम गाळलेला, त्यामुळे "काका, चला की" म्हटल्यावर निघालो. एप्रिल, तापलेला पत्रा, पंखे दोन आणि माणसं चौदा. इथल्या लोकांना आपल्या उन्हाचा एवढा अभिमान का, देव जाणे.

पहिल्याच झटापटीत एका एकोणीस वर्षांच्या पोराने माझा पाय ओढला आणि मी सवयीने पालथा झालो. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला, म्हणून छाती मातीला आणि पाठ आभाळाकडे. हे अंगात मुरलेलं असतं. इथे तेच नडलं. पोरगं पाठीवर चढलं. एक हात माझ्या खांद्यावरून, दुसरा काखेखालून, पंजे छातीवर एकमेकांत अडकलेले. याला सीटबेल्ट म्हणतात. टाचा माझ्या मांड्यांच्या आत. मग कोपर गळ्याशी आलं आणि मी मॅटवर थापटलं, म्हणजे हार मानली. पुढच्या दोन वेळाही तसंच.

"काका, पालथं कशाला पडालाव ओ?"

काय सांगणार? एडीसीसी या ग्रॅपलिंगच्या स्पर्धेच्या नियमांत दोन्ही पाय आत रुतवून पाठ धरली की ३ गुण मिळतात, आणि मी ती ताटात वाढून देत होतो.

मग शिकवणाऱ्याने मला पोराच्या पाठीवर बसवलं. मला गळ्याची घाई. ते म्हणाले, आधी छाती पाठीला चिकटवा, घामाने हात निसटतात, छाती निसटत नाही. मी पकड पक्की व्हावी म्हणून त्याच्या पोटावर घोटे एकमेकांवर टाकले, तर त्याने माझ्याच पायाला कुलूप लावलं. पाऊल अजून दुखतंय.

शेवटी एकदा जमलं. त्याचा एक हात मी पायाखाली दाबून ठेवला, कोपराची खोबण बरोबर त्याच्या हनुवटीखाली आली, पंजा माझ्याच दुसऱ्या दंडावर, तो दुसरा हात त्याच्या डोक्यामागे. जोर लावायची गरजच पडली नाही. नुसती छाती फुगवली. हा फास श्वासनलिकेवर नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर बसतो, म्हणून थापटायला उशीर केला तर माणूस काही सेकंदांत झोपतो. पोराने थापटलं. खरं सांगतो, त्याने मला मुद्दाम संधी दिली असणार. तरी छाती फुगलीच.

माझ्या गळ्यावर मात्र फास नीट बसला नव्हता, कारण मी प्रत्येक वेळी हनुवटी आडवी घातली. सगळा दाब जबड्यावर आणि घाटीवर.

रात्री आत्याने ताटात शेंगा चटणी आणि कडक भाकरी वाढली. पहिला घास घशात अडकला. आत्याने काही न बोलता भाकरी आमटीत कुस्करली, वाटी पुढे सरकवली आणि मग नातवाकडे बघून म्हणाली, "ह्याचा गळा धरायला नेलतास होय रे?"