उंदराला कसला आलाय स्वभाव?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रानउंदरांचा स्वभाव आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या यांचा काय संबंध, यावर मी संशोधन करते. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, एसटीत शेजारी बसलेल्या काकूंनीसुद्धा हेच विचारलंय: "उंदराला कसला आलाय स्वभाव? आणि त्याच्या गोचिड्या मोजून तुला मिळतं काय?" मिळते फेलोशिप, तीही कधी वेळेवर नाही.

स्वभावाचं म्हणाल तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरच्या कुठल्याही मेंढपाळाला विचारा. कुठली मेंढी ज्वारीत घुसणार आणि कुठली कळपाच्या मधोमध अंग चोरून चालणार, हे तो न बघता सांगेल. रानउंदीरही तसेच. रिकाम्या खोक्यात सोडल्यावर कोपरा धरणारा उंदीर काही आठवड्यांनी पुन्हा सोडला तरी बहुधा कोपराच धरतो. मी काही उंदराची पत्रिका मांडत नाही.

जो जास्त हिंडतो त्याला गोचिड्या जास्त, इथवर सगळ्यांना पटतं. पॅरिसजवळच्या सेनारच्या जंगलात सायबेरियन चिपमंक खारींवर हेच दिसलं. २०१० साली ते छापून आलं. पण एका धनगरमामांनी मला बांधावरच अडवलं. "पोरी, धीट म्हणून गोचीड लागली, का गोचीड लागली म्हणून धीट झालं?"

तेव्हापासून मी अडकलेय. गोचीड बाहेरून रक्त पिते, पण काही परजीवी थेट वागण्यातच ढवळाढवळ करतात. टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची वीण मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होते, आणि त्याची लागण झालेल्या उंदरांची मांजराच्या वासाची भीती ओसरल्याचं प्रयोगांत दिसलंय. यलोस्टोनच्या लांडग्यांची २६ वर्षांची माहिती २०२२ साली मांडली गेली: लागण झालेला लांडगा कळपाचा म्होरक्या होण्याची शक्यता ४६ पट. पण लांडग्यांना मुद्दाम लागण करून कुणी पाहिलेलं नाही. मामांचा प्रश्न तिथेही उभाच.

माझ्याकडे एक मादी होती, शेपटीचं टोक तुटलेली. नान्नजच्या माळढोक अभयारण्याबाहेरच्या पडीक रानात पिंजरे लावायचे, आत भाजलेले शेंगदाणे (शेंगाचटणी नव्हे, तेही विचारून झालंय). ही हमखास आत. कापडी पिशवीत घेतलं तरी धडपड नाही. कानाच्या पाळीला आतून गोचिडीची पिल्लं चिकटलेली, खसखशीच्या दाण्याएवढी, एकाला एक लागून. मी ठरवलं, काढून बघू. चिमट्यानं कातडीलगत धरून एकेक ओढलं. कानावर रक्ताचा ठिपका आला. सोडल्यावर ती पळालीही नाही. बिळाच्या तोंडाशी बसून पुढच्या पायांनी कान पुसला आणि आत गेली.

पुन्हा पिंजऱ्यात आलीच नाही.

वहीत मी लिहिलं, "गोचिड्या गेल्या, धीटपणा ओसरला." मार्गदर्शक म्हणाले, मेली असेल. बिळाबाहेर ताजी माती दिसत होती, पण ती हिनंच उकरली की दुसऱ्या कुणी? ते वाक्य लिहिणारीशी मी अजून भांडते. चिमट्याची दहशत बसली असेल, घुबडानं नेली असेल, पाऊस पडल्यावर शेंगदाण्याची गरजच उरली नसेल. ती लिहिणारी म्हणते, मग रोज येणारी नेमकी त्याच दिवसापासून का थांबली? यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या वाक्यावर काट मारावी असं वाटतं, पण हात होत नाही.

आणि मुळात पिंजऱ्यात येतो तोच धीट. खरे भित्रे माझ्या वहीत कधी आलेच नसतील. हे मला कळत नाही असं समजू नका. म्हणून तर आता बिळांपाशी कॅमेरे लावतेय. निम्म्या उंदरांना गोचिडीचं औषध, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि वागणं टिपणाऱ्याला कुणाला काय दिलंय याचा पत्ता नको. म्हणजे ते टिपणारी मी असून चालणार नाही. पहाटे चारला नान्नजला यायला तयार असलेलं कुणी ओळखीत असेल तर कळवा. भाकरी माझ्याकडून.